आधी विजेचा हिशेब, मग जोडणी

बीगलबोन ब्लॅकवर प्रकल्प करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच वळणाच्या असतात. बोर्ड मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होतो. वायफाय डाँगल थोडा वेळ नीट चालतो आणि मग गायब होतो. रिले एकेक करून लावले तर चालतात, चारही एकदम लावले की सगळंच अडकतं. मग कार्डावर नव्याने ऑपरेटिंग सिस्टम टाकली जाते, प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला जातो आणि गटातल्या ज्याने शेवटचा बदल केला त्याच्याकडे सगळे संशयाने बघू लागतात. दोष मात्र पुष्कळदा ॲडाप्टरमध्ये, केबलमध्ये किंवा भलत्याच पिनेवरून घेतलेल्या विजेत असतो. विजेची कमतरता प्रोग्रॅमच्या चुकीसारखीच दिसते आणि म्हणूनच ती सापडायला वेळ लागतो. अंतिम वर्षाच्या मुलामुलींचे आठवडेच्या आठवडे यात वाया जातात, याचं वाईट वाटतं. कारण तासाभराचा कागदावरचा हिशेब आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर हे टाळता येतं.

ज्यांनी हा बोर्ड हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. बीगलबोन ब्लॅक हा एटीएम कार्डाएवढा संगणक एप्रिल २०१३मध्ये बाजारात आला. अमेरिकेतल्या बीगलबोर्ड.ऑर्ग या ना-नफा संस्थेने तो काढला. १ गिगाहर्ट्झचा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, एक यूएसबी पोर्ट, एक इथरनेट, एक मायक्रो एचडीएमआय आणि दोन लांब कडांना ४६-४६ छिद्रांच्या दोन सॉकेटपट्ट्या, ज्यांना पी८ आणि पी९ म्हणतात. या पट्ट्यांवर वरून बसणाऱ्या जोडबोर्डांना ‘केप’ असं नाव आहे. मोटर चालवणारी केप, पडद्याची केप, बॅटरीची केप, अशा गरजेप्रमाणे एकावर एक चढवता येतात.

या बोर्डाचं मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत वाटतं. त्याचा संपूर्ण सर्किट आराखडा, पीसीबीची मांडणी आणि सुट्या भागांची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. रास्पबेरी पायचे आराखडे प्रसिद्ध होतात ते संक्षिप्त स्वरूपात. इथे मात्र प्रत्येक तार कुठून कुठे जाते हे बघता येतं. बोर्डाचे रचनाकार जेराल्ड कोली यांनी लिहिलेली संदर्भपुस्तिका सोबत आहेच. कोणती पिन किती प्रवाह देते, याचं उत्तर त्यात आकड्यांत दिलेलं आहे. या लेखातले बोर्डाचे आकडे त्याच कागदपत्रांना धरून आहेत, आणि तुमच्या हातातल्या आवृत्तीची पुस्तिका उतरवून घेऊन ते पडताळून पाहावेत अशी माझी विनंती आहे.

वीज आत कुठून येते

बोर्डाला वीज तीन वाटांनी देता येते: गोल बॅरल जॅक, मिनी यूएसबी आणि एका सेलची लिथियम बॅटरी. तिन्ही वाटा एकाच पॉवर चिपकडे जातात. जॅक आणि यूएसबी दोन्ही लावले तर चिप जॅकची वीज घेते, त्यामुळे लॅपटॉपची केबल लावून ठेवून ॲडाप्टर जोडायला हरकत नाही.

लॅपटॉपच्या यूएसबीवरून बोर्ड चालवणं सोयीचं असतं. एकच केबल लागते, वीजही येते आणि त्याच केबलवरून नेटवर्कही मिळतं (विंडोज किंवा लिनक्सवरून १९२.१६८.७.२ या पत्त्यावर बोर्ड सापडतो). पण या वाटेने पॉवर चिप ५०० मिलिॲम्पियरच्या वर काही घेत नाही. आणि बोर्ड स्वतःच, बाकी काहीही न जोडता, २१० ते ४६० मिलिॲम्पियर खातो. म्हणजे सुरू होताना किंवा कामाच्या भरात बाहेरच्या उपकरणासाठी जेमतेम ४० मिलिॲम्पियर उरतात. यूएसबीवर बोर्ड शिकावा, प्रोग्रॅम लिहावा, एखादा दिवा उघडझाप करावा. डाँगल, कॅमेरा, रिले यातलं काहीही लावायचं ठरलं की जॅककडे वळावं.

जॅकला ५ व्होल्ट डीसी लागतात, ५.५ बाय २.१ मिलिमीटरचा प्लग, मधला भाग धन. नुसत्या बोर्डाला १ ॲम्पियर पुरतो. उपकरणं जोडणार असाल तर सुरुवातच २ ॲम्पियरच्या ॲडाप्टरने करा. ॲडाप्टरवर २ ॲम्पियर लिहिलंय म्हणून बोर्डात तेवढा प्रवाह घुसत नाही. बोर्ड लागेल तेवढाच घेतो, तेव्हा क्षमतेने मोठा ॲडाप्टर लावायला घाबरू नका.

घाबरायचं ते व्होल्टेजला. आपल्या घरातल्या वायफाय राउटरचा ॲडाप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि त्याचा प्लग पुष्कळदा हुबेहूब याच मापाचा असतो. तो या जॅकमध्ये अगदी सहज बसतो. पी९वरच्या ५ आणि ६ क्रमांकाच्या पिना थेट जॅकला जोडलेल्या आहेत, म्हणजे चुकीचे १२ व्होल्ट वरच्या केपपर्यंत सरळ पोहोचतात. प्रयोगशाळेत आठ-दहा ॲडाप्टर एका खोक्यात पडलेले असतील तर प्रत्येकाच्या प्लगजवळ, वायरवरच, व्होल्टेज लिहिलेली चिकटपट्टी लावा. ॲडाप्टरच्या पाठीवरची बारीक छपाई घाईत कोणी वाचत नाही. सी टाइप चार्जरला लावायच्या काही बॅरल केबलींत ९ किंवा १२ व्होल्ट मागणारी चिप बसवलेली असते. अशी केबल घेताना ती किती व्होल्टची आहे हे आधी मीटरने मोजा, मगच बोर्डाला लावा.

कागदावरचा हिशेब

समजा, एखाद्या गटाला ठिबक सिंचनाचे चार व्हॉल्व्ह उघडबंद करायचे आहेत. बोर्ड, एक वायफाय डाँगल, चार ५ व्होल्टचे रिले आणि थोडे सेन्सर. बोर्डाचे जास्तीत जास्त ४६० मिलिॲम्पियर. डाँगल माहिती पाठवताना ३०० धरू. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ओहम असतो, म्हणजे ५ व्होल्टला एका रिलेला सुमारे ७१ मिलिॲम्पियर, चारांना २८५. सेन्सरना २०. बेरीज १०६५.

आता हाच गट १ ॲम्पियरचा ॲडाप्टर वापरत असेल तर काय होईल? एक रिले लावला, चालेल. दोन लावले, चालतील. चारही रिले लागलेले असताना डाँगलने माहिती पाठवायला आणि प्रोसेसरने जोरात काम करायला एकच क्षण गाठला की व्होल्टेज खाली बसेल आणि बोर्ड रीस्टार्ट होईल. तो क्षण कधी दिवसातून एकदा येतो, कधी तासातून तीनदा. यालाच मुलं ‘रँडम प्रॉब्लेम’ म्हणतात. बेरजेवर निदान चौथा हिस्सा वाढवून धरा. इथे तो आकडा १३३०च्या आसपास येतो, म्हणून २ ॲम्पियरचा ॲडाप्टर.

पण एवढ्याने भागत नाही, कारण ॲडाप्टर मोठा असला तरी पिनांच्या मर्यादा तशाच राहतात. पी९वर ३ आणि ४ क्रमांकाच्या पिनांना ३.३ व्होल्ट आहेत आणि मर्यादा २५० मिलिॲम्पियरची. ५ आणि ६वर जॅकमधले थेट ५ व्होल्ट आहेत, तिथे १ ॲम्पियरपर्यंत. ७ आणि ८वरही ५ व्होल्टच आहेत, पण ते पॉवर चिपमधून आलेले आहेत आणि मर्यादा फक्त २५० मिलिॲम्पियरची. १ आणि २ ग्राउंड. वरच्या गटाने चार रिले ७व्या पिनेवरून चालवले तर २८५ची मागणी २५०च्या वाटेवर येते. ५व्या पिनेवर हलवले की अडचण संपते. शेजारच्या दोन पिना, दोन्हींवर ५ व्होल्ट, पण क्षमतेत चौपट फरक. आणि एक लक्षात असू द्या, बोर्ड नुसत्या यूएसबीवर चालू असेल तर ५ आणि ६वर काहीच येत नाही. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं, की काल ॲडाप्टर होता आणि आज लॅपटॉप आहे.

केबल

ॲडाप्टर चांगला असूनही बोर्ड उपाशी राहू शकतो. मोबाइलच्या चार्जरला यूएसबी-ते-बॅरल केबल लावून बोर्ड चालवण्याची पद्धत आहे. त्या केबलमधली तांब्याची तार २८ गेजची असेल तर एका मीटरला तिचा रोध साधारण ०.२१ ओहम पडतो. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून दुप्पट, ०.४३ ओहम. १ ॲम्पियर प्रवाह असताना तेवढेच व्होल्ट केबलमध्येच खर्च होतात आणि ५ व्होल्टचे ४.५७ उरतात. २४ गेजच्या तारेत तेवढ्याच लांबीला ०.१७ व्होल्टच जातात. तीन मीटरची बारीक केबल दिसायला सोयीची असते, पण तिच्या टोकाला बोर्ड नीट चालणार नाही. केबल आखूड आणि जाड घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलात तर दुकानदाराला गेज विचारा. ॲडाप्टर घेताना त्यावर बीआयएसचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघा.

खरं व्होल्टेज मोजायचं ते बोर्डावर आणि सगळी उपकरणं चालू असताना. मोकळ्या ॲडाप्टरच्या टोकाला ५.१ दिसले म्हणून समाधान मानू नये. पद्धत अशी: बोर्ड बंद असताना पी९च्या १ल्या छिद्रात एक काळी आणि ५व्या छिद्रात एक लाल जंपर वायर खोचा. पी९ची १ली पिन बॅरल जॅकच्या बाजूला आहे. वायरींची दुसरी टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी वेगवेगळी चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. मग बोर्ड सुरू करा, डाँगल चालू करा, रिले लावा आणि मल्टिमीटरच्या काड्या त्या टोकांना टेकवा. आकडा ४.७५च्या खाली जात असेल तर आधी केबल बदला, मग ॲडाप्टर. काड्या थेट सॉकेटपट्टीत खुपसू नका. त्या पट्टीत ५व्या पिनेची शेजारीण ३री आहे आणि तिच्यावर ३.३ व्होल्ट आहेत. काडी घसरून दोन्हींना एकदम लागली तर ५ व्होल्ट ३.३च्या वाटेत शिरतात आणि प्रोसेसर कायमचा जाऊ शकतो.

यूएसबी हब: घेण्याआधीची एक चाचणी

बोर्डावर यूएसबीचा मोठा पोर्ट एकच आहे आणि त्याची मर्यादा ५०० मिलिॲम्पियर. वायरलेस कीबोर्ड-माउसचा एक छोटा रिसीव्हर लावायचा असेल तर हब लागतच नाही. पोर्टेबल हार्ड डिस्क मात्र तबकडी फिरायला लागताना सहज यापेक्षा जास्त मागते, आणि डाँगल व कॅमेरा एकत्र आले तरी हीच गत. तेव्हा स्वतःचा ॲडाप्टर असलेला हब घ्यावा. बिनॲडाप्टरचा हब एका पोर्टाचे चार पोर्ट करतो, पण ५०० मिलिॲम्पियर तेवढेच राहतात.

ॲडाप्टरच्या हबमध्येही एक खोड असते. काही स्वस्त हब स्वतःच्या ॲडाप्टरची वीज उलट दिशेने, बोर्डाकडे, ढकलतात. मग बोर्ड बंद केला तरी पूर्ण बंद होत नाही, त्याचा काही भाग हबच्या विजेवर धुगधुगत राहतो आणि पुढच्या वेळी सुरू करताना बोर्ड अडकतो. हे ओळखायला दोन मिनिटं लागतात. हबचा ॲडाप्टर भिंतीतल्या सॉकेटला लावा, पण हबची बोर्डाकडे जाणारी केबल मोकळी ठेवा. त्या केबलच्या यूएसबी प्लगमध्ये चार सोनेरी पट्ट्या दिसतात. कडेच्या दोन पट्ट्यांवर, म्हणजे वीज आणि ग्राउंडवर, मल्टिमीटरच्या काड्या टेकवा. शून्याच्या आसपास आकडा आला तर हब घ्या. ५ व्होल्ट दिसले तर तो हब या कामाचा नाही. दुकानदाराने काउंटरवर मोजू दिलं तर उत्तम, नाही तर परत करण्याची सोय आहे ना, हे आधी ठरवून घ्या.

जुन्या कर्नलवर बोर्ड सुरू झाल्यानंतर लावलेलं यूएसबी उपकरण ओळखलं जात नाही, असा अनुभव येतो. हब आणि त्यावरची उपकरणं आधी जोडून मग बोर्ड सुरू करणं हा त्यावरचा साधा उपाय.

पडद्याबाबत थोडक्यात. एचडीएमआयचं टोक मायक्रो आहे, मिनी नव्हे, आणि दुकानात या दोहोंत हमखास गल्लत होते. जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडायचं तर कन्व्हर्टर लागतो. पण एचडीएमआयच्या मानकाप्रमाणे त्या वाटेने ५५ मिलिॲम्पियरचीच हमी असते आणि काही कन्व्हर्टर त्याहून जास्त खातात. स्वतंत्र वीज घ्यायची सोय असलेला कन्व्हर्टर घ्या. मॉनिटर, टीव्ही, लॅपटॉप आणि बोर्ड हे सगळं चालू अर्थिंग असलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा आणि एचडीएमआयची केबल वीज बंद असताना जोडा. दोन पिनांच्या ॲडाप्टरवर चालणाऱ्या उपकरणाच्या धातूला हात लागला की कधी कधी झिणझिण्या येतात. केबल जोडताना तो गळतीचा प्रवाह एचडीएमआयच्या नाजूक चिपमधून वाट काढू शकतो.

पिना: ३.३, १.८ आणि एक कडक नियम

आर्डुइनो उनोवर शिकून बीगलबोनकडे आलेल्यांनी इथे सगळ्यात जास्त सावध राहायला हवं. उनो ५ व्होल्टवर चालतो. बीगलबोनच्या डिजिटल पिनांना ३.३ व्होल्टच्या वर काही चालत नाही आणि ॲनालॉग पिनांना तर १.८च्या वर. यापुढे गेलात तर बोर्ड तक्रार करत नाही, पिन जाते, आणि तिच्यासोबत कधी कधी प्रोसेसरही.

कडक नियम असा: बोर्ड बंद असताना कोणत्याही पिनेवर बाहेरून व्होल्टेज येता कामा नये. स्वतंत्र ॲडाप्टरवर चालणारा सेन्सर बोर्ड बंद असतानाही ३.३ व्होल्ट पिनेत ढकलत राहिला तर आकडा मर्यादेत असूनही प्रोसेसरला इजा होते. म्हणून ३.३ व्होल्टच्या सेन्सरना वीज पी९च्या ३ऱ्या-४थ्या पिनेवरूनच द्या. बोर्ड झोपला की तीही जाते. ५व्या-६व्या पिनांचं तसं नाही. ॲडाप्टर लावलेला आहे तोवर, बोर्ड बंद केला तरी, तिथे वीज असते.

दोन ओळींचा, १६ अक्षरांचा एलसीडी पडदा हे याचं नेमकं उदाहरण. पाठीला छोटा आयटूसी जोडबोर्ड लावलेला हा पडदा प्रत्येक कॉलेजात सापडतो. तो ५ व्होल्टवर चालतो आणि पाठीवरचे रोधक त्याच्या दोन्ही संदेशवाहक तारा ५ व्होल्टकडे ओढून धरतात. त्या तारा पी९च्या १९ आणि २०वर सरळ लावल्या की त्या पिनांवर ५ व्होल्टची ओढ येते. पडदा कदाचित चालेलही, आणि चालतो म्हणून ही जोडणी बरोबर आहे असा गैरसमज पसरतो. मध्ये चार वाहिन्यांचा लेव्हल शिफ्टर बसवा. तो स्वस्तात मिळतो.

अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरची प्रतिध्वनीची पिनही ५ व्होल्ट देते. तिथे दोन रोधक पुरतात: सेन्सरकडून १ किलोओहम, तिथून ग्राउंडकडे २ किलोओहम आणि दोहोंच्या सांध्यावरून बोर्डाची पिन. ५चे ३.३३ होतात. ॲनालॉगलाही हीच युक्ती. ० ते ३.३ व्होल्ट देणारा सेन्सर १०-१० किलोओहमच्या जोडीने १.६५वर येतो. ५ व्होल्टच्या सेन्सरला वर २० आणि खाली १० किलोओहम लावले की १.६७. व्हॉल्यूमच्या बटणासारखा पोटेन्शिओमीटर जोडायचा असेल तर त्याला ३.३ व्होल्ट देऊ नका. पी९ची ३२ क्रमांकाची पिन खास या कामासाठी १.८ व्होल्ट देते, आणि ३४ क्रमांकाची पिन तिची ग्राउंड.

पिन जो प्रवाह देते तो फार थोडा, ४ ते ६ मिलिॲम्पियर. एलईडी रोधकासह लावता येईल, रिले नाही. ७१ मिलिॲम्पियरची कॉइल या पिनेवर टांगणं म्हणजे पिन गमावणं. यूएलएन२००३ ही सात वाहिन्यांची जुनी, भरवशाची चिप मध्ये घाला. बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या इशाऱ्यावर ती रिले ओढते, आणि कॉइल सुटताना उसळणारं उलटं व्होल्टेज शोषून घेणारे डायोड तिच्या पोटातच आहेत. त्यासाठी तिची ९ क्रमांकाची पिन रिलेच्या ५ व्होल्टला जोडायला विसरू नका. तयार मिळणारी रिले मॉड्यूल बहुतेक ५ व्होल्टच्या बोर्डांसाठी बनवलेली असतात. त्यांच्या इनपुटवर आतून ५ व्होल्टची ओढ असते. तेव्हा तीही यूएलएन२००३मधूनच चालवावीत.

मोटर आणि सर्व्हो बोर्डाच्या विजेवर चालवूच नका. छोटा सर्व्होसुद्धा अडला की अर्ध्या ॲम्पियरच्या वर जातो. त्यांना वेगळा ॲडाप्टर द्या आणि दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड एक नसेल तर इशारा पोहोचतच नाही. रिलेच्या पलीकडे २३० व्होल्ट असतील तर ती बाजू जाणकार इलेक्ट्रिशियनकडून, बंद पेटीत करून घ्या. ब्रेडबोर्डवर घरची वीज आणू नये, कोणत्याही कारणाने.

केप चढवताना

एकावर एक जास्तीत जास्त चार केप चढतात. प्रत्येक केपवर ओळख सांगणारी छोटी मेमरी असते आणि तिचे पत्ते हेक्साडेसिमल ५४ ते ५७ असे चारच आहेत. ते केपवरच्या बारीक स्विचने किंवा जंपरने बदलतात. दोन केपना एकच पत्ता राहिला तर ओळखपरेड बिघडते. प्रवाहाची मर्यादा केपगणिक नसून पिनेगणिक आहे, हेही विसरू नये. चारही केपनी मिळून पिनेच्या मर्यादेतच राहायचं.

पिनांची टक्कर ही खरी डोकेदुखी. पी८वर २७ ते ४६ या पिना एचडीएमआय वापरतं. ३ ते ६ आणि २० ते २५ या पिना बोर्डावरच्या कायम मेमरीच्या आहेत. पडद्याची केप लावायची तर एचडीएमआय बंद करावं लागतं, ते बूटच्या सेटिंग फाइलमधली एक ओळ बदलून होतं. आणि पी८च्या ३१ ते ४६ पिनांचं आणखी एक काम आहे. वीज येताक्षणी प्रोसेसर या पिना वाचून कुठून बूट व्हायचं ते ठरवतो. तिथे एखाद्या सेन्सरने पिन वर किंवा खाली ओढून धरली असेल तर बोर्ड बूटच होत नाही. सेन्सर काढला की बोर्ड चालतो, लावला की मरतो, असं झालं तर पहिली शंका या पिनांची घ्या आणि सेन्सर पी९वर हलवा. नव्या प्रकल्पात पी९च्या मोकळ्या पिनांपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

बोर्ड बंद करताना ॲडाप्टर उपटू नका. प्रोग्रॅममधून शटडाउन द्या किंवा पॉवरचं बटण दाबा, निळे दिवे विझू द्या, मग वीज काढा. मेमरीवर लिखाण चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडतात. जिथे वीज वारंवार जाते तिथे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस कामी येतो. मात्र तो ५ व्होल्टचं आउटपुट देणारा हवा, आणि पहिल्या वेळी मीटरने मोजूनच लावायचा. बोर्डावर थेट लिथियम सेल जोडायच्या जागा आहेत. पण सेलवर चालताना यूएसबी पोर्टला ५ व्होल्ट मिळत नाहीत, म्हणून डाँगल लावणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही.

अडलात आणि कोणाला विचारायला गेलात, तर तीन गोष्टी सोबत न्या: जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी, प्रत्येकाचा प्रवाह, आणि सगळं चालू असताना पी९च्या ५व्या पिनेवर मोजलेलं व्होल्टेज. पुढे स्वतःची केप बनवलीत तर तिचाही आराखडा खुला करा, आणि ती कोणत्या पिनेवरून किती मिलिॲम्पियर घेते ते पहिल्याच पानावर लिहा.